नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव: इथिओपियातले तीन आठवडे

रविवार, 7 जानेवारी 2024. आदिस अबाबा

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं गृहीत धरून मी स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी टाकला होता. आदिस अबाबा साधारण 2350 मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी सातशे मीटर चढलं की जी उंची येईल, ती. हे आकडे मला पाठ होते, तरी विमानतळाबाहेर साडीवर नुसता स्टोल गुंडाळून कुडकुडत उभी राहिले. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईला आकड्याचा अर्थ लावता येईलच असं नाही, हे पुढचे तीन आठवडे पुन्हा पुन्हा सिद्ध होणार होतं.

इथिओपियातल्या हवासा शहरातल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.च्या मुलांना एक अख्खा पेपर तीन आठवड्यांत शिकवायचा, हे माझं काम. याला तिकडे ब्लॉक कोर्स म्हणतात. रोज सलग तीन-चार तास एकच विषय, शेवटी परीक्षा, की सुटलो. तिकीट, व्हिसा सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एक मात्र सांगून ठेवते. पिवळ्या तापाची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. खरी तपासणी तिकडे जाताना होत नाही, परत येताना आपल्या विमानतळावर होते. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागतं.

पहिला घोळ जेवणाचा. मी शाकाहारी, अंडं चालतं. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे वर्षातले जवळपास निम्मे दिवस उपवासाचे असतात आणि उपवास म्हणजे मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, असं वाचलं होतं. त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. पण 7 जानेवारीला त्यांचा नाताळ असतो, गेन्ना. 43 दिवसांचा उपवास त्या दिवशी सुटतो. म्हणजे एक दिवस आधी पोहोचले असते तर अख्खं शहर माझ्या पंगतीला होतं. मी नेमकी पारण्याला पोहोचले.

गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी जमिनीवर हिरवं गवत अंथरलं होतं. मधोमध मोठं ताट, त्यावर इंजेरा, म्हणजे तिथली मोठी भाकरी, आणि इंजेऱ्यावर लालभडक दोरो वोत, म्हणजे कांद्यात आणि बेरबेरे मसाल्यात तासन्‌तास शिजवलेली कोंबडी. बाईंनी एक घास केला आणि थेट माझ्या तोंडाशी आणला. याला गुर्शा म्हणतात. पाहुण्याला आपल्या हाताने घास भरवायचा आणि पाहुण्याने तो नाकारायचा नाही. मी हात जोडले. "आज त्सोम नाही," त्या म्हणाल्या. त्सोम म्हणजे उपवास. "माझा रोजच त्सोम असतो," मी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जी कणव दाटून आली ती मी विसरणार नाही. मग त्यांनी रश्श्यातलं एक उकडलेलं अंडं उचललं, इंजेऱ्याच्या तुकड्याने चहूबाजूंनी निगुतीने पुसलं, बाळाचं तोंड पुसावं तसं, आणि ते मला भरवलं. मी खाल्लं. मसाला आतपर्यंत मुरला होता. कशाचा रस्सा होता ते मनात येऊ दिलं नाही.

सोमवार, 8 जानेवारी. हवासा

आदिसहून दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटर. रस्त्यात झ्वायचं तळं लागलं, पुढे शाशेमेने. सम्राट हैले सेलासी यांनी 1948 साली जमीन दिली आणि जमैकाचे रास्ताफारी, म्हणजे या सम्राटांना देव मानणारे लोक, येऊन राहिले, तेच हे गाव. संध्याकाळपर्यंत हवासा. उंची 1700 मीटरच्या आसपास, हवा सुखाची, गावाला लागून तळं आणि रस्त्यांवर निळ्या रिक्षाच रिक्षा. या रिक्षांना तिथे 'बजाज' हेच नाव आहे. "एक बजाज थांबव," "बजाजने जा." आपल्या वाळूजच्या कारखान्याचं नाव तिथल्या आजीबाईंच्या तोंडात सामान्यनाम होऊन बसलंय. एका रिक्षावाल्याला मी सांगितलं की ही आमच्याकडची कंपनी. तो म्हणाला, नाही, बजाज इथिओपियाचीच आहे. वाद घातला नाही.

मुक्कामाच्या जागी दारावर साठीचे एक रखवालदार होते. मी भारतातून आले म्हटल्यावर ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात, अस्सल मल्याळी हेल काढून म्हणाले, "कीप क्वाएट! ओपन युवर मॅथ्स बुक!" त्या पिढीतल्या कितीतरी लोकांना शाळेत गणित-विज्ञान भारतीय शिक्षकांनी शिकवलंय, त्यात केरळचे पुष्कळ. पन्नास वर्षांनी आजोबांच्या इंग्रजीत तेवढा हेल उरला होता. पुढे रोज सकाळी मी बाहेर पडताना ते "कीप क्वाएट!" म्हणायचे आणि मी "येस सर" म्हणायचे.

मंगळवार, 9 जानेवारी

आता ज्याची मला अजून लाज वाटते तो प्रसंग.

इथिओपियाचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. सरळ सहा तासांचा फरक. याविषयी मी निघण्याआधी इतकं वाचलं होतं की चूक होणं शक्यच नव्हतं. विभागातल्या क्लार्क बाईंचा सोमवारी रात्री निरोप आला: उद्या तास आठ वाजता. मी हुशारीने सहा मिळवले. आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. सकाळ मोकळी!

म्हणून सकाळी अमोरा गेदेलला गेले. तळ्याकाठी कोळ्यांचा बाजार आहे. होड्या लागतात, पोरं मांडी घालून तिलापिया सोलत बसतात आणि त्यांच्या मागे मराबू करकोचे रांगेने उभे असतात. माणसाच्या छातीपर्यंत उंच, टक्कल पडलेले, काळा कोट घातल्यासारखे, खांदे पाडून. मुलाखतीला बोलावून दिवसभर बाहेर बसवून ठेवलेले उमेदवार वाटतात. कुणी आतडं फेकलं की मात्र सगळी अदब संपते. मी बराच वेळ तिथेच रमले. फोन पर्समध्ये, आवाज बंद.

साडेनऊला फोन पाहिला तर सात मिस्ड कॉल.

झालं असं, की परदेशी पाहुणीचा गोंधळ होऊ नये म्हणून क्लार्क बाईंनी त्यांचे 'दोन' आधीच माझ्या 'आठ'मध्ये बदलून पाठवले होते. मी बदललेल्याला पुन्हा बदललं. दोघीही शहाण्या. बावीस विद्यार्थी सकाळी आठपासून बसलेले आणि त्यांना संभाव्यता शिकवायला आलेली बाई करकोचे बघत होती. घामाघूम होऊन वर्गात शिरले, पायरीला ठेच लागून जवळजवळ पडलेच. पुढच्या बाकावरून एकदम चार-पाच आवाज आले, "अयझोश!"

हा शब्द लक्षात ठेवा. बाईला अयझोश, पुरुषाला अयझोह. ठेचकाळलात, चहा सांडला, पेन हरवलं, वीज गेली, कुणीतरी हे म्हणणारच. 'धीर धर', 'असू दे, काही नाही होत', 'आहे मी' असं सगळं त्या एका शब्दात येतं. पहिल्या आठवड्यात मी तो इतक्यांदा ऐकला की तेच माझं नाव असावं असं वाटायला लागलं.

वेळेचा घोळ टाळायचा तर हिशेब करू नका, विचारा: हबेशा वेळ की फेरेंज वेळ? हबेशा म्हणजे इथिओपियन, फेरेंज म्हणजे परदेशी. एवढं विचारलं की भागतं.

बुधवार, 10 जानेवारी

ओळखपत्रासाठी अर्ज भरला. तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. इथिओपियात आडनाव नसतं. आपलं नाव, पुढे बापाचं, लागलं तर आज्याचं. डॉक्टर, मंत्री, कुणीही असो, हाक मूळ नावानेच. मी सत्तावीस वर्षांच्या सवयीने हात चालवला: माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. विचारही केला नाही. कार्ड आलं, गळ्यात घातलं.

वर्गात नवीनच संकट. "समजलं?" असं मी विचारलं की मुलं दचकल्यासारखा श्वास आत ओढायची. हंऽ! आपल्याकडे वाईट बातमी ऐकल्यावर बायका ओढतात ना, अगदी तसा. मला वाटलं फळ्यावर काहीतरी भयंकर लिहिलं गेलंय. मागे वळून सूत्र तपासलं. बरोबर होतं. पुन्हा विचारलं, पुन्हा बावीस श्वास. तिसऱ्यांदा सूत्र पुसून नव्याने लिहायला घेतलं तेव्हा जिम्मा शहरातला एक मुलगा म्हणाला, "टीचर, हे म्हणजे 'हो'." श्वास आत ओढणं हा त्यांचा होकार आहे. दोन दिवसांत सवय झाली. परत आल्यावर माझ्या वर्गातली मुलं समजलं का विचारल्यावर नुसती बघत बसतात, तेव्हा तो आवाज आठवतो.

दुपारी मेनूवर 'शिरो' दिसलं. गोड काहीतरी खायला मिळणार म्हणून मागवलं. मातीच्या भांड्यात रटरटत आलं ते चक्क पिठलं! हरभऱ्याचं पीठ, लसूण, बेरबेरे. इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली मोठ्ठी, जाळीदार, आंबट आंबोळी. पिठलं आणि आंबोळी. मी तीन आठवडे तेच खाल्लं आणि एकदाही कंटाळले नाही. शाकाहारी असाल तर बुधवारी आणि शुक्रवारी 'बेयायनेतू' मागा. एका इंजेऱ्यावर सात-आठ प्रकारच्या भाज्या आणि डाळी येतात, सगळं उपवासाचं. इतर दिवशी "त्सोम आहे का?" असं विचारा. तुमच्या धर्माची चौकशी कुणी करत नाही.

रविवार, 14 जानेवारी

वर्गातल्या एका मुलीने आपल्या गावी नेलं. सिदामा लोकांचं गाव, हवासापासून बजाजने तासाभरावर. 2019 मध्ये सार्वमत झालं आणि पुढच्या वर्षी सिदामा हे वेगळं राज्य झालं. ते सांगताना तिचा आवाज चढला होता. घराभोवती केळीची दाट बाग. मी तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, केळी कधी उतरवता? तिची आई आणि दोन आत्या पोट धरधरून हसल्या.

ती केळ नव्हेच. ते एन्सेत. दिसायला हुबेहूब केळ, तीच पानं, तोच बुंधा, फक्त अंगाने जाडजूड. याचं फळ कुणी खात नाही. खातात तो बुंधा आणि जमिनीतला गड्डा. आत्याबाईंनी करून दाखवलं. तिरप्या फळीवर सोपटाची पट्टी टाकायची, एक टाच वर दाबून धरायची आणि बांबूच्या पातीने खरवडायचं. पांढरा चोथा खाली साठत जातो. तो पानांत गुंडाळून खड्ड्यात पुरायचा आणि महिनोन्‌महिने आंबवायचा. इथिओपियात जवळपास 2 कोटी लोकांचं पोट या झाडावर आहे. दुष्काळातही ते तग धरतं, लागेल तेव्हा तोडता येतं. मला खरवडायला दिलं. दोन मिनिटांत पट्टी माझ्या टाचेखालून सटकली आणि मी फळीवरून खाली बसले. "अयझोश!" त्यावर सगळं अंगण हसलं.

मग त्या आंबवलेल्या पिठाचं बुरिसामे खाल्लं, लोण्यात निथळणारं, सोबत दूध. मांस नाही, काही नाही. माझ्यासाठी मुद्दाम केलं होतं की रोजचंच होतं, ते कळलं नाही.

नंतर कॉफी. कॉफी म्हणजे बुन्ना, आणि तिला दोन तास हवेत. हिरव्या बिया धुऊन तव्यावर भाजल्या, धूर निघताच तवा प्रत्येकाच्या नाकाशी फिरवला. मग कुटल्या, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळल्या. सोबत लाह्या आणि लोबान. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. पहिल्या कपानंतर मी उठायला लागले, कारण बजाजवाला थांबला होता. आईने मनगट धरून खाली बसवलं. तिसरा कप आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय जायचं नाही. बाहेर बघते तर बजाजवालाही आत येऊन दुसऱ्या कपावर होता.

शुक्रवार-शनिवार, 19 आणि 20 जानेवारी

तिमकत. येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. एरवी 19 जानेवारीला येतो, लीप वर्षात 20 ला. चर्चमधला ताबोत, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची प्रतिकृती, जरीच्या कापडात झाकून पुजारी डोक्यावर घेतात आणि आदल्या दुपारी मिरवणुकीने पाण्याकडे नेतात. वर रंगीत मखमली छत्र्या. तरुण मुलं ताबोतापुढे लाल गालिचा उलगडतात, मागचा भाग गुंडाळून पळत पुढे आणतात, पुन्हा उलगडतात. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. शनिवारी सकाळी पाण्याला आशीर्वाद देऊन ते पाइपने गर्दीवर उडवलं. माझा मोबाइल तेव्हा हातात होता. तो पुढचे दोन दिवस बोलला नाही. प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा.

गर्दीत उभी असताना खांद्यावर काहीतरी आदळलं. लिंबू. मी खाली वाकून उचललं, तर बाजूच्या मुली तोंड दाबून हसतायत. तिमकतला मुलाला एखादी मुलगी आवडली तर तो तिला लिंबू मारतो, अशी जुनी रीत आहे. माझं वय बावन्न. नेम चुकला होता, हे मारणाऱ्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावरून कळत होतं. आमच्या क्लार्क बाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं तुमचे वडील इथे नाहीत."

माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

शेवटचा आठवडा

सोमवारी वीज गेली, प्रोजेक्टर गेला, मग खडू-फळ्यावर आलो आणि मला हायसं वाटलं. मुलांना त्यांच्या लिपीत माझं नाव लिहायला लावलं. अम्हारिक लिपीला सात मात्रांची बाराखडी आहे, ती मी बुधवारपर्यंत अर्धीमुर्धी गिरवली. प्लगचा अडॅप्टर मात्र घेऊन जा. आपल्या जाड पिनांसाठी तिथल्या भिंतीत जागा नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. "जेवलीस का? फोन चालू झाला वाटतं." क्लार्क बाई मागून डोकावल्या, दोन्ही हात जोडून अतिशय आदराने त्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "तुमचे वडील किती तरुण दिसतात!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन आठवडे फोनच्या पडद्यावर रोज दुपारी एक वाजता नवऱ्याचं नाव झळकत होतं आणि तेच नाव माझ्या गळ्यातल्या कार्डावर वडिलांच्या रकान्यात होतं. सगळा विभाग माझ्या 'वडिलांचं' कौतुक करत होता. एवढ्या मोठ्या मुलीची रोज विचारपूस करतात म्हणून!

मी खुलासा केला. हा नवरा, ते सासरचं आडनाव. हसून संपेल असं वाटलं होतं. पण क्लार्क बाईंनी कार्ड हातात घेऊन नीट वाचलं. त्यांच्याकडे लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. "मग तुमच्या वडिलांचं नाव कुठे गेलं?" त्यांनी विचारलं. खोचकपणा नव्हता, फाइल हरवली की विचारतात तसं. मी म्हणाले, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. त्यांनी श्वास आत ओढला. तो होकार होता की आपला नेहमीचा 'अगंबाई', हे मला अजून सांगता येत नाही.

परीक्षा झाली. बावीसपैकी वीस पास, दोघांची फेरपरीक्षा. शुक्रवारी निरोप समारंभ, पुन्हा तीन कप. प्रमाणपत्र छापण्याआधी क्लार्क बाईंनी कागद-पेन पुढे केलं. "या वेळी काय लिहू?" मी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आजोबांचं लिहिलं. हात जरा अडखळला. आजोबांचं नाव आयुष्यात कुठल्याच फॉर्मवर लिहिलं नव्हतं. मानधनाचा कागद अर्थात पासपोर्टप्रमाणेच ठेवला. तुम्हीही तसाच ठेवा, हिशेब विभागाला गोष्टी सांगता येत नाहीत.

शनिवारी सकाळी निघाले. रखवालदार आजोबा म्हणाले, "क्लोज युवर मॅथ्स बुक."

परतल्यावर

सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात ड्युटी लीव्हसाठी प्रमाणपत्र जमा केलं. क्लार्कने चष्मा वर केला, कागद खाली-वर पाहिला. तारीख त्यांच्या पंचांगाची होती, तिर महिन्याची 17, साल 2016. त्यांचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालतं, ते मी बघायलाच विसरले होते.

"मॅडम," तो म्हणाला, "हे 2016 चं आहे. आणि या बाई कोण?"